तिसऱ्या रात्री वाटलं, परत देऊन टाकावं

मागच्या अंकात संपादकांनी कोपऱ्यात एक ओळ टाकली होती, ‘घरी नवं पिल्लू आलंय? डॉक्टरताईंना लिहा.’ आता जो गठ्ठा माझ्यापुढं पडलाय तो पाहून वाटतं, महाराष्ट्रात या वर्षी पावसापेक्षा पिल्लं जास्त झाली.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चौतीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काढली, बहुतेक सांगली जिल्ह्यात. खांद्यापर्यंत हात म्हशीत घालून उभं राहण्यात आयुष्य गेलं. कुत्री यायची ती कुणाला तरी चावल्यावर, नाहीतर कुणाकडून तरी चावून घेतल्यावर. माझ्या स्वतःच्या घरात पिल्लू आलं ते निवृत्तीनंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमागं सापडलं, अंगभर पिवळी धूळ. नातीनं नाव ठेवलं हळकुंड. हाका मारता मारता त्याचं हळ्या झालं, आणि ते ऐकून गल्लीत नवीन आलेली माणसं विचारतात, बाईंनी रेडा पाळलाय का? तर खालची उत्तरं अर्धी पदवीतून आलीत आणि अर्धी हळ्याकडून. हळ्याकडची जास्त भरवशाची.

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. विकणाऱ्यानं ४५ दिवसांचं सांगितलं. आज पाचवा दिवस. आम्ही त्याला गॅलरीत मऊ गादी घालून दिली आहे, खेळणी दिली आहेत, तरी रात्रभर रडतं. खालचे काका दोनदा वर येऊन गेले. दिवसातून दहा-बारा वेळा घरात शू करतं, त्यातली एक ठरलेली देवघरासमोर. सासूबाईंचं सोवळं-ओवळं कडक आहे. तिसऱ्या रात्री मला वाटलं, परत देऊन टाकावं. लिहितानाही लाज वाटतेय. — एक वाचक, डोंबिवली

लाज कसली वाटून घेता! हळ्याच्या दुसऱ्या रात्री पहाटे साडेतीनला मी ओट्याशी उभी राहून नवऱ्याला म्हणाले होते, उजाडलं की याला यार्डात सोडून येऊ. मी, पदवीधर पशुवैद्य! नवरा म्हणाला, ‘आधी चहा टाक.’ चहा होईस्तोवर हळ्या माझ्या पायावर झोपला, म्हणून राहिला.

आधी त्या ४५ दिवसांबद्दल. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. तरी बाजारात ‘४५ दिवसांचं’ हे जणू मापच ठरून गेलंय. लहान पिल्लू गोंडस दिसतं, लवकर खपतं आणि विकणाऱ्याचा दोन आठवड्यांचा खाण्याचा खर्च वाचतो. त्या दोन आठवड्यांत आई आणि भावंडं त्याला जे शिकवणार होती, ते आता तुमच्या गळ्यात पडलंय. परत दिलंत तर तो मनुष्य उद्या ते दुसऱ्याला विकेल एवढंच.

आता रडणं. सहा दिवसांपूर्वीपर्यंत हे पिल्लू सात-आठ ऊबदार अंगांच्या ढिगाऱ्यात झोपत होतं. आता ते फरशीवरच्या गादीवर एकटं आहे, समोर बंद काच, आत दिवे मालवलेले. ते रडतं यात हट्ट नाही, लाड नाही. एकटं पडलेलं पिल्लू रानात वाचत नाही, म्हणून आईला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं रडायचं हे त्याच्या रक्तातच आहे. आज रात्री एक मोठं खोकं घ्या, त्यात तुमची जुनी सुती साडी घाला आणि ते तुमच्या पलंगाला टेकवून ठेवा. कुंईकुंई सुरू झालं की हात खाली सोडा. बोलू नका, उचलू नका, नुसता हात. चार-पाच रात्रींत फरक पडतो. मग खोकं दर दोन दिवसांनी फूटभर दाराकडं सरकवत न्या. ‘एकदा बेडरूममध्ये घेतलं की कायमचं डोक्यावर बसेल’ असं तुम्हाला किमान तीन जण सांगतील. त्यांना रात्री दोन वाजता फोन करा.

गॅलरी वाया घालवू नका, ती झोपायला नाही, शू करायला वापरा. त्याच्या लसी पूर्ण नाहीत, तेव्हा खाली रस्त्यावर नेता येणार नाही. गॅलरीत एका पसरट ट्रेमध्ये वर्तमानपत्रं, वर त्याच्याच शूचा पुसलेला कागद. जागं झालं की, खाल्लं की, खेळून दमलं की उचलून तिथं ठेवायचं. उचलूनच, कारण चालवत नेलंत तर वाटेतच होते. आमचा ढोबळ हिशेब असा, वय महिन्यांत मोजा, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास ते धरू शकतं. तुमचं दीड महिन्याचं आहे, म्हणजे अडीच तास, तेही झोपेत. जागेपणी अर्ध्या-पाऊण तासाला घेऊन जा. ट्रेमध्ये झाली की त्याच क्षणी कौतुक आणि खाऊ, घरात येऊन नव्हे. दुसरीकडं झाली तर गुपचूप पुसा. नाक त्यात घासणं हा प्रकार आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की या बाईच्या देखत शू करायची नाही. मग ते सोफ्यामागं करतं.

देवघरच का? तिथं बहुतेक बसायला लोकरी आसन असेल. पाणी शोषणारी मऊ जागा पिल्लाला आवडते. आसन उचलून ठेवा, आडवी फळी लावा. फिनेलनं आपलं नाक फसतं, त्याचं नाही, आणि वास उरला की ते परत तिथंच जातं. व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं दोनदा पुसा. सासूबाईंसाठी माझ्याकडं औषध नाही. देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर असेल तर पायाशी चार कुत्री आहेत एवढं हळूच दाखवून बघा.

आणि खालच्या काकांना आजच पेढे नेऊन द्या. पंधरा दिवस कळ काढा म्हणावं. सोसायटीनं नोटीस वगैरे काढली तर घाबरू नका, पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये लेखी कळवलेलं आहे. पण ते परिपत्रक खिशात राहू द्या. पेढ्यांनी जे होतं ते परिपत्रकानं होत नाही.

प्रश्न : आमच्याकडं पावणेतीन महिन्यांची गावठी कुत्री आहे. अतिशय गोड, पण चावते. मुलाचे (वय ९) दोन्ही हात ओरखड्यांनी भरलेत, शाळेत बाईंनी विचारलं. सासरे म्हणतात, वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर हाण, नाहीतर मोठेपणी चावरी निघेल. काल दात जरा खोल लागून रक्त आलं. हळद भरली. इंजेक्शन घ्यावं लागेल का? — एक आई, नाशिक

तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य वाचून मी मासिकाची वाट न बघता त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. बाकीच्यांसाठी इथं पुन्हा लिहिते. रक्त आलं असेल आणि पिल्लाला रेबीजची लस झालेली नसेल, तर जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, मिरचीची पूड तर नाहीच. आणि त्याच दिवशी दवाखाना. ‘घरचंच पिल्लू आहे’, ‘एवढंसं तर आहे’ ही कारणं रेबीजला कळत नाहीत. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते, त्याआधी ते कुठं होतं, त्याच्या आईला काय झालं होतं, हे गावठी पिल्लाबाबत आपल्याला माहीत नसतं. इंजेक्शनं कितीदा आणि कधी ते डॉक्टर लिहून देतील. त्यातलं एकही चुकवायचं नाही, हात बरा झाला तरी.

आता चावण्याचं. यात माझे गुरू कॉलेजातले प्राध्यापक नाहीत, जत तालुक्यातली पिल्लं आहेत. मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायला धनगरांच्या वाड्यावर जायचे. काम उरकून चहा येईस्तोवर घोंगडीवर बसायचं आणि समोर कारवानी कुत्रीची पिल्लं बघायची. लांब तोंडाची, काटकुळी, त्यांना दुसरा उद्योगच नाही, दिवसभर एकमेकांचे कान ओढायचे. एकदा एका काळ्यानं बहिणीच्या कानाला जोरात कचकन धरलं. ती किंचाळली, आणि उठून सरळ मेंढ्यांच्या जाळीपलीकडं जाऊन बसली. काळं तिथंच उभं. शेपूट हलवलं, पुढचे पाय टेकवून खेळायला बोलावलं, ती बघेना. मिनिटभरानं गेलं, तिचं तोंड चाटलं. खेळ परत सुरू झाला, पण आता कान धरला तो लोणी धरावं तसा. चावण्याची ताकद किती लावायची हे पिल्लू असं शिकतं, जोरात चावलं की खेळ संपतो.

तुमच्या मुलाला त्या बहिणीचं काम करायचंय. दात लागला की ‘आई गं’ म्हणायचं, हात छातीशी घ्यायचे आणि उठून खोलीबाहेर जायचं. अर्ध्या मिनिटानं परत. दिवसात वीस वेळा करावं लागेल, पहिले चार दिवस काही फरक दिसणार नाही. हात झटकत पळायचं मात्र नाही. पळणारी गोष्ट पकडायची असते, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. हात रिकामा नको, त्यात काहीतरी चावायला द्या. जाडसर दोरीला गाठी मारून, ओली करून, फ्रीजमध्ये गार करून दिली की हिरड्यांना बरं वाटतं. तिला आत्ता २८ दुधाचे दात आहेत, सुईसारखे. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतील आणि सहा-सात महिन्यांची होईपर्यंत ४२ पक्के येतील. फरशीवर एखादा तांदळाएवढा दात सापडला तर मुलाला डबीत ठेवायला द्या. हळ्याचे आमच्याकडं तीन आहेत.

संध्याकाळी सात-साडेसातला ती वेड्यासारखी पळत सुटते, दिसेल ते चावते, असं होतं का? होतच असेल. ती झोपाळलेली असते. दोन वर्षांचं मूल जेवायच्या वेळेला भोकाड पसरतं ना, तेच. या वयात त्यांना दिवसाचे सोळा ते अठरा तास झोप लागते, आणि घरात शाळकरी मुलं असली की ती मिळत नाही. उचलून अंधाऱ्या खोलीत ठेवा, पाच मिनिटांत घोरते की नाही बघा.

सासऱ्यांची गुंडाळी त्यांना वाचायला द्या. नाकावर मार खाल्लेलं कुत्रं चावायचं थांबत नाही, चावण्याआधी गुरगुरायचं थांबतं. आणि न गुरगुरता चावणारं कुत्रं किती वाईट, ते माझ्या डाव्या मनगटाला विचारा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. पिल्लाला (दोन महिने) दूध-पोळी देतो, पण सतत पातळ होते. नैवेद्याचं थोडंसं दिलं तर चालतं ना? — पुणे

पातळ होते ती दुधानं. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही. दूध बंद करा, ताकभात किंवा दहीभात चालतो. पोळीनं पोट भरतं, पण पिल्लाची हाडं त्यावर होत नाहीत. पिल्लांसाठीचं तयार खाणं मिळतं, ते मुख्य ठेवा, अंडं चालत असेल तर उकडून द्या, तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा थोडं थोडं. यातलं काहीच घरात चालणार नसेल तर ससा पाळावा, असं माझं मत आहे. आणि हगवण थांबेना तर जंताचं औषध झालंय का ते विचारा. पिल्लू आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतं.

नैवेद्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः त्यात पोळलेय. तासगावला आमची भाची दिलीय. दिवाळीच्या आधी तिच्याकडून दोन किलो बेदाण्याचा बॉक्स येतो, हिरवट, लांबुडका, एक नंबर माल. हळ्या तेव्हा पाच महिन्यांचा. मी दुपारी पडले होते. उठून आले तर बॉक्सचा कोपरा कुरतडलेला, बेदाणे घरभर, आणि हा मध्यभागी बसलेला, तोंडाला एक चिकटलेला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. काही कुत्री मूठभर खाऊनही ठणठणीत राहतात, काहींना थोड्याशानं लघवी बंद होते, आणि आपलं कुत्रं कुठल्या गटातलं ते आधी कळायला मार्ग नाही. त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. पुस्तकात मला हे सगळं पाठ होतं. बॉक्स मात्र खालच्या कप्प्यात ठेवला होता.

मिरजेला माझा एक जुना सहकारी कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. तासाच्या आत तिथं पोचलो. त्यानं उलटीचं इंजेक्शन दिलं आणि मी, इतक्या वर्षांची अनुभवी डॉक्टरीण, स्टीलच्या ट्रेसमोर उकिडवी बसून चमच्यानं बेदाणे मोजत होते. सदतीस. पोटात फुगून पुन्हा द्राक्षाएवढे झाले होते. दोन दिवस सलाईन, दोनदा रक्त तपासलं. वाचला. घरी उलटी करवायचा प्रयत्न करू नका, मिठाचं पाणी पाजणं तर भलतंच घातक. सरळ दवाखाना गाठा आणि किती खाल्लं, कधी खाल्लं ते सांगा.

तेव्हा शिरा, पंचखाद्य, बेदाणे घातलेली खीर, काही नाही. चॉकलेट नाही. कांदा-लसूण नाही, शिजवलेलाही नाही, म्हणजे आमटी-भात गेला. साखर नसलेला च्युइंगम पर्समध्ये असेल तर पर्स उंच टांगा, त्यातल्या झायलिटॉलनं कुत्र्याची रक्तातली साखर झपकन उतरते. गाजराचा तुकडा, उकडलेला लाल भोपळा, सफरचंद बिया काढून. देवाला हेही चालतं.

प्रश्न : मी सहा महिन्यांसाठी लेकीकडं न्यू जर्सीला आले आहे. यांनी चार महिन्यांचं कुरळ्या केसांचं पिल्लू आणलंय. कामावर जाताना त्याला पिंजऱ्यात घालून जातात. मला बघवत नाही, मी काढते. मग ते गालिच्यावर घाण करतं आणि लेक माझ्यावर चिडते. मुक्या जिवाला असं कोंडणं बरोबर आहे का? — एक आजी, एडिसन

आजी, तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. पिंजरा म्हटलं की आपल्याला पोपट आठवतो. पण पिल्लाला अंगासरशी बसणारी, तीन बाजूंनी झाकलेली जागा आवडते. आपल्याकडची गल्लीतली कुत्री नाही का गाडीखाली, जिन्याखाली, हातगाडीच्या सावलीत जाऊन बसत? दार उघडं ठेवून आत जेवण द्यायचं, आत चावायला द्यायचं, मग ते आपण होऊन आत जाऊन झोपतं. झोपायच्या जागी शक्यतो घाण करत नाही, म्हणून शिकवायलाही सोपं जातं. ते कोंडणं केव्हा होतं? त्याला धरवेल त्यापेक्षा जास्त वेळ आत ठेवलं की. चार महिने अधिक एक, पाच तास, आणि माझ्या मते दिवसा तीनच. लेक-जावई नऊ तास बाहेर असतील तर मधे कुणीतरी यायलाच हवं.

तो ‘कुणीतरी’ तुम्हीच धरल्या गेलात, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला तीन वेळा वाचल्यावर दिसलं. नातवंडं सांभाळायला गेलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, कुत्रं सांभाळायला गेलेल्या आता बघतेय. आवडत असेल तर जरूर करा. नसेल तर लेकीला शांतपणे सांगा, बर्फात बूट घालून दिवसातून चार वेळा अंगणात जायला मी आले नाही. गालिच्याचं भांडण खरं तर याचंच आहे.

एक गंमत सांगते. तुम्ही त्याला ‘बस’ म्हणता ना? आणि खाऊ पुरे झाला की ‘बस्स’? बिचारं बसूनच राहत असेल. लेक ‘सिट’ म्हणते, जावई आणखी काही. पिल्लाला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही, त्याला आवाज कळतो. घरात एका गोष्टीला एकच शब्द ठरवा. मराठी ठरला तर मला आनंदच आहे.

प्रश्न : आमचा ब्रुनो दहा आठवड्यांचा असताना पार्व्होनं गेला. एक इंजेक्शन झालं होतं. विकणाऱ्यानं ‘लस झालीय’ म्हणून सांगितलं, म्हणून आम्ही त्याला मैदानावर नेलं, सगळ्यांना दाखवलं. चार दिवसांत संपला. मुलगी बोलत नाही. आमची चूक झाली का? दुसरं पिल्लू कधी आणावं? — एक शिक्षक, लातूर

सर, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर सगळ्यात शेवटी लिहायला घेतलं.

१९७९ साली मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले, तेव्हा पार्व्हो, म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा हा विषाणूचा रोग, जगाला माहीत होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुस्तकात त्याचं पानही नव्हतं. पुढं नोकरीत त्याचा वास इतका ओळखीचा झाला की दवाखान्याच्या पायरीवरूनच कळायचं. रक्त मिसळलेल्या हगवणीचा तो गोडसर, कुजका वास तुमच्या घरातही असेल, आणि तुम्ही तो धुऊन धुऊन थकला असाल.

एक इंजेक्शन का पुरलं नाही ते सांगते. गाय व्याल्यावर वासराला चीक पाजतात, तशीच पिल्लालाही आईच्या पहिल्या दुधातून रोगाशी लढायची ताकद मिळते. गंमत अशी, की ती ताकद लसीलाही मारून टाकते. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, कुणाची सातव्या आठवड्याला, कुणाची चौदाव्या. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी टोचत राहायचं, शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास. त्याआधी बाहेरच्या मातीला पाय लावायचा नाही. ‘लस झालीय’ हे वाक्य खोटं नसेलही, पण अपुरं होतं. पुढच्या वेळी कार्ड मागा, त्यावर बाटलीचं चिकटवलेलं लेबल, तारीख आणि डॉक्टरची सही बघा.

चूक कुणाची विचारता, तर माझी ऐका. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी होते. एका शेतकऱ्याला पिल्लासाठी लस लिहून दिली. ती गावात मिळत नव्हती. तो मे महिन्यात एसटीनं जिल्ह्याला गेला, बाटली घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवून तीन तासांचा प्रवास करून आला. मी बाटली हातात घेतली तेव्हा ती माझ्या तळहाताइतकीच गरम होती. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मला ते माहीत होतं. पण मनुष्य दिवसाची मजुरी बुडवून, घामाघूम होऊन समोर उभा, त्याला ‘फेकून दे’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. टोचली. तीन आठवड्यांनी पिल्लू गेलं. त्यानं मला काही बोललं नाही, उलट नंतर म्हैस दाखवायला आला तेव्हा भोपळा घेऊन आला. तेव्हापासून मी सांगते, पिल्लाला लसीकडं न्या, लस पिल्लाकडं आणू नका. आणायचीच तर बर्फात.

तुम्ही मैदानावर नेलंत ते आनंदानं, चुकीच्या माहितीवर. मुलीला हे असंच सांगा. तिनं पिल्लाला हात लावला म्हणून, कडेवर घेतलं म्हणून ते गेलं असं तिच्या डोक्यात असेल. मुलांच्या डोक्यात असं काहीतरी असतंच. विचारून घ्या.

दुसऱ्या पिल्लाचं. हा विषाणू चिवट आहे, मातीत कित्येक महिने, सावलीत वर्षभरही तग धरतो. गादी, पट्टा, खेळणी, भांडं ठेवू नका, जाळा. एखादी वस्तू आठवण म्हणून ठेवायचीच तर धातूची, म्हणजे पट्ट्याचं बक्कल वगैरे, ब्लीचमध्ये बुडवून. फरशी आधी साबणानं स्वच्छ करा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी करून दहा मिनिटं ओली राहू द्या, मग पुसा. अंगणातल्या मातीला ब्लीच पुरत नाही, तिथं ऊन हेच औषध, पालापाचोळा काढून जागा उघडी करा, लातूरला उन्हाची वाण नाही. तरी छोटं पिल्लू वर्षभर आणू नका. मुलीला त्याआधी हवं असेल तर पाच-सहा महिन्यांचं, सगळ्या लसी पूर्ण झालेलं गावठी कुत्रं आणा. त्या वयाच्या कुत्र्यांना कुणी विचारत नाही. गोंडसपणा सरलेला असतो, पाय लांब, कान एकीकडं. हळ्याचे त्या वयातले फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही.

प्रश्न : डॉक्टर आजी, मी तिसरीत आहे. आमच्या पिल्लाचं नाव टिपू. मी त्याला खूप हाका मारते, पण तो माझ्याकडं येत नाही, आमच्या आजीकडंच जातो. आजी तर त्याला हाकसुद्धा मारत नाही. मी काय करू? — कोल्हापूर

अगं, उत्तर तूच लिहिलंयस बघ. आजी हाक मारत नाही, म्हणूनच जातो! आजी एका जागी बसलेली असते, तिच्या पदराला भाकरीचा वास येतो, आणि ती त्याला पकडत नाही. तू काय करतेस? मला वाटतं, तू पळत जातेस, वरून वाकतेस आणि पोटाखाली हात घालून उचलतेस. तुला कुणी रोज असं उचललं तर तू जाशील का त्याच्याजवळ?

उद्या शाळेतून आलीस की जमिनीवर बस, त्याच्याकडं थोडी पाठ करून. बालभारतीचं पुस्तक घे आणि मोठ्यानं वाच. त्याच्याकडं बघायचं नाही. फ्रॉकच्या खिशात उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे ठेव. तो येईल, आधी तुझा पाय हुंगेल. तरी बघायचं नाही. एक तुकडा बाजूला ठेवून द्यायचा आणि वाचत राहायचं. तो मांडीला टेकून बसला की मग एकदाच, हळू आवाजात म्हणायचं, ‘टिपू’. आणि लगेच दुसरा तुकडा.

अंडं कुठं गेलं असं आजीनं विचारलं तर माझं नाव सांग.